रायफल रेस्ट आणि बायपॉड: घरी कसे बनवायचे, बाजारचे कसे सुधारायचे

रेस्ट म्हणजे नेम धरताना रायफल टेकवायचा आधार, आणि बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाला लावायचा दोन पायांचा आधार. चांगल्या रेस्टची परीक्षा एकच. रायफल उचलून पुन्हा ठेवली की साइट आपोआप टार्गेटवर त्याच जागी आली पाहिजे, आणि शॉट सुटल्यावर ती दर वेळी सारखीच मागे सरकली पाहिजे. रेस्ट किती जड, किती महाग, किती चकचकीत हे सगळं त्यानंतर. नाशिकमध्ये यासाठी लागणारं सामान जमवणं मुळीच अवघड नाही. सातपूर-अंबडला लेथ आणि वेल्डिंगची छोटी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, जुनी जीन्स घरोघरी असते आणि बाकीचं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मोजमापं नीट घेतली तर बाहेरून मागवलेल्या रेस्टइतकंच काम देणारी वस्तू इथे बनते.

रेस्ट कुठे चालतो आणि कुठे नाही, हे नव्या नेमबाजांना आधीच माहीत असलेलं बरं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 10 मीटर एअर रायफल किंवा 50 मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून) प्रकारात रेस्ट किंवा बायपॉडला परवानगी नाही. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, त्यात आधार म्हणजे हाताला स्लिंग, म्हणजे पट्टा, आणि नीलिंगला (गुडघ्यावर बसून मारताना) पायाखाली घ्यायचा रोल. तो रोलही 25 सेंमी लांबी आणि 18 सेंमी व्यासाच्या आतला हवा. पॅरा नेमबाजीत एसएच2 गटाला (ज्यांना हातांनी रायफलचं वजन पेलता येत नाही) स्टँड मिळतो, पण त्याची स्प्रिंग नियमात ठरलेली असते, त्यामुळे स्पर्धेसाठी तो घरी बनवायच्या फंदात पडू नये. बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून मारायचा खेळ, हा मात्र वेगळा प्रकार आहे, आणि त्यात रेस्ट हाच खेळाचा अर्धा भाग.

मग थ्री पोझिशनवाल्याला रेस्ट कशाला? झीरो करायला (साइट आणि गोळी एकाच जागी जुळवायला), पेलेटचे किंवा काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासायला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका, पसरतोय तो रायफलमुळे की आपल्यामुळे हे ठरवायला. रेस्टवर पाच पेलेट एकाच भोकात जात असतील आणि उभं राहून पसरत असतील, तर रायफलचे स्क्रू पिळत बसण्यात अर्थ नाही.

कायद्याचं थोडक्यात: 4.5 मिमी बोअरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पॉइंट टू-टूला (.22 काडतुसाच्या रायफलला) लागतो. खाली दिलेलं सगळं काम स्टॉकच्या, म्हणजे रायफलच्या दस्त्याच्या, बाहेरून करायचं आहे. बॅरल, अ‍ॅक्शन, सिलिंडर यांना ड्रिल किंवा वेल्डिंग अजिबात लावायचं नाही. क्लबची रायफल असेल तर स्टॉकलाही परवानगीशिवाय भोक पाडू नये.

आधी थोडं गणित

टेबलावर रायफल ठेवली की पुढच्या आणि मागच्या आधारात साधारण 70 सेंमी अंतर पडतं. यातलं एक टोक 0.1 मिमीनं, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकं, खालीवर झालं तर 10 मीटरवर पेलेट सुमारे 1.4 मिमी सरकतो आणि 50 मीटरवर गोळी सुमारे 7 मिमी. आता टार्गेट पाहा. 10 मीटरला दहाचा ठिपका 0.5 मिमीचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 2.5 मिमी बाहेर. 50 मीटरला दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं. म्हणजे पिशवी एका कागदाइतकी दबली तरी गुण जाऊ शकतो. पुढचा रेस्ट जड लोखंडी असतो, तो सहसा हलत नाही. गाल, खांदा आणि हात यांचा दाब पडतो तो मागच्या पिशवीवर. तरीही लोक सगळा खर्च पुढच्या रेस्टवर करतात आणि बटखाली (स्टॉकच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाखाली) टॉवेलची गुंडाळी सारतात. सुरुवात मागच्या पिशवीपासूनच करावी.

वाळू आणि पिशव्या

दोन्ही पिशव्यांना मिळून दहा-बारा किलो वाळू आणावी, चाळण्यात आणि धुण्यात थोडी जाते. नदीची बारीक वाळू मिळाली तर उत्तम, कारण तिचे कण झिजून गोल झालेले असतात आणि पिशवीत नीट बसतात. बांधकामावर मिळणारी क्रश सँड टाळावी. ती बेसॉल्ट फोडून केलेली असते, कण धारदार असतात, कापड आतून कापतात आणि तिच्यातली भुकटी शिवणीतून झिरपत राहते. ही भुकटी ट्रिगर आणि बोल्टमध्ये गेली की ट्रिगरचं वजन बदलतं आणि कारण लवकर सापडत नाही.

वाळू आधी जाड चाळणीतून आणि मग मैद्याच्या चाळणीतून काढावी. मैद्याच्या चाळणीतून खाली पडेल ते टाकून द्यायचं, वर राहील ते ठेवायचं. बादलीत चार-पाच पाण्यांनी धुवावी, पाणी नितळ दिसेपर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात ताडपत्रीवर पातळ पसरली तर दोन दिवसांत वाळते. पावसाळ्यात लोखंडी कढईत थोडी थोडी भाजून घ्यावी. वाळली का हे बघायला मूठभर वाळू काचेच्या बरणीत घालून झाकण लावावं आणि बरणी तासभर उन्हात ठेवावी. काचेला आतून वाफ धरली तर ओल शिल्लक आहे. ओली वाळू भरलेली पिशवी महिनाभरात बुरसते आणि तिच्यावर ठेवलेल्या रायफलच्या ब्लूइंगला (पोलादावरच्या निळसर-काळ्या थराला) गंज धरतो.

बाकी भरणांबद्दल स्पष्टच सांगायचं तर मीठ कधीही भरू नये, ते हवेतलं पाणी ओढतं. तांदूळ आणि मोहरी छान सरकतात, पण पावसाळ्यात त्यांत किडे होतात. प्लास्टिकचा दाणा, म्हणजे मोल्डिंगच्या कारखान्यात लागणारं ग्रॅन्यूल, हलका असतो. वाळूचा लिटर साधारण दीड किलोच्या पुढे भरतो, दाण्याचा अर्ध्या किलोच्या थोडा वर. टेबलावरच्या पिशवीला जडपणा हवा, म्हणून तिथे वाळू. आडवं पडून बायपॉडवर मारताना मुठीत दाबायची पिशवी हलकी हवी, म्हणून तिथे दाणा.

*पुढची पिशवी.* जीन्सच्या पायाचा असा भाग निवडावा की सपाट ठेवल्यावर रुंदी 20 सेंमी येईल. लांबी 31 सेंमी कापावी, म्हणजे दोन्ही टोकांना दीड-दीड सेंमी शिवणीत जाऊन 28 उरते. आत मांजरपाटाची तेवढीच पिशवी शिवायची. वाळू तिच्यात भरायची, डेनिम वरून चढवायचं. एकेरी पिशवी कितीही जाड कापडाची असली तरी धूळ सोडतेच. सुई 16 नंबरची, दोरा नायलॉनचा, टाका 2.5 ते 3 मिमी, आणि प्रत्येक शिवण दुहेरी. घरच्या मशिनला डेनिमचे चार पदर झेपत नाहीत, सुई मोडते. तिथे बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेणं शहाणपणाचं. बाटली कापून केलेल्या नरसाळ्यानं भरायला सुरुवात करावी. दर अर्ध्या किलोला पिशवी जमिनीवर आपटावी, वाळू खाली बसते. साधारण साडेचार-पाच किलो मावते. तोंड शिवायच्या आधी मध्यावर मुठीनं दाबून पाहा. खळगा पडून तसाच राहिला पाहिजे. दगडासारखी टणक झाली असेल तर मूठ-दोन मूठ वाळू काढा, खळगा आपोआप भरून येत असेल तर घाला.

*मागची पिशवी.* हिला वर दोन कान लागतात आणि बट त्यांच्यामध्ये बसते. तळ 18 गुणिले 14 सेंमी, उंची 9 सेंमी, वरच्या बाजूला एकमेकांना टेकलेले दोन कान. प्रत्येक कानासाठी 14 सेंमी रुंद आणि 17 सेंमी लांब पट्टी घ्या. शिवल्यावर सुमारे 4 सेंमी व्यासाची, 15 सेंमी लांब नळी होते. आधी कान वेगळे, अगदी ठासून भरायचे आणि शिवून बंद करायचे. मग ते वरच्या कापडावर शिवायचे आणि शेवटी पोट भरायचं. कान आणि पोट यांची पोकळी एकच ठेवली तर चार शॉटनंतर कानांतली वाळू पोटात उतरते, कान लुळे पडतात आणि बट डावी-उजवीकडे झुलते. कानांच्या आतल्या बाजूला जुन्या चामडी जाकिटाचा किंवा पर्सचा तुकडा, गुळगुळीत बाजू वर करून, शिवावा. रबर किंवा रेक्झिन नको, घामानं आणि उन्हानं चिकटतं.

स्टॉकच्या बटची खालची कड बहुतेक वेळा तिरकी असते. रायफल मागे सरकली की तिरक्या कडेमुळे बटची उंची बदलते आणि पुढचा शॉट वर किंवा खाली जातो. त्यासाठी बटखाली, बॅरलला समांतर अशी 25 मिमी रुंद अॅल्युमिनियमची पट्टी किंवा लाकडी फळी बसवावी. समायोज्य बट असलेल्या मॅच रायफलवर ती मूळ स्क्रूच्याच जागी बसते, नवं भोक पाडायला लागत नाही.

पुढचा लोखंडी रेस्ट

सोपा लाकडी प्रकार आधी. 18 मिमी जाडीच्या बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायची 30 गुणिले 25 सेंमीची बैठक, त्यावर सागाच्या दोन पाचरी एकमेकींवर उलट्या आणि त्यावर वाळूची पिशवी. पाचरीचा उतार दहास एक ठेवावा, म्हणजे एक पाचर 10 मिमी सरकवली की उंची 1 मिमीनं वाढते. यात मोडण्यासारखं काही नाही. साधा प्लाय मात्र घेऊ नये, नाशिकच्या एका पावसाळ्यात फुगून वाकतो.

लोखंडी रेस्टसाठी 10 मिमी जाडीची 300 गुणिले 250 मिमी एमएस (साध्या लोखंडाची) पाटी घ्या. वजन जवळजवळ सहा किलो भरतं आणि तेवढं पुरतं. पाय तीनच: दोन पुढे टार्गेटच्या बाजूला, एक आपल्याकडे. चार पाय केले की एक नेहमी अधांतरी राहतो. पायांसाठी एम10 चे 100 मिमी लांब बोल्ट घ्या आणि टोकं लेथवर 60 अंशांत टोकदार करून घ्या. प्रत्येकाला वरून एक लॉकनट. कडाप्प्याच्या टेबलावर टोकं घसरतात, म्हणून प्रत्येकाखाली जुन्या पट्ट्याच्या चामड्याचा चौकोन ठेवावा. रबरी तुकडे ठेवायचा मोह होतो, पण रबर दबतं आणि परत उसळतं, ते टाळावं.

उंची बदलण्यासाठी मधोमध एम16 चा थ्रेडेड रॉड, 120 मिमी लांब. त्याचा पिच 2 मिमी असतो, म्हणजे पाव फेऱ्याला अर्धा मिमी आणि 10 मीटरवर साधारण 7 मिमी. वर 160 गुणिले 100 मिमी, 6 मिमी जाडीची पाटी. तिच्या खाली 120 मिमी अंतरावर दोन 12 मिमी ब्राइट बार (गुळगुळीत गोल सळया) उभे बसवायचे आणि ते खालच्या पाटीतल्या पितळी बुशमधून सरकू द्यायचे. थ्रेडेड रॉडचं वरचं टोक गोल घासून वरच्या पाटीच्या खोलगट खुणेत नुसतं टेकवायचं, वेल्ड करायचं नाही. वरच्या पाटीच्या आणि रायफलच्या वजनानं आट्यांमधली ढिलाई आपोआप एका बाजूला बसते. चाक 100 मिमी व्यासाचं, दोन पाट्यांच्या मध्ये, रॉडवर दोन नटांनी आवळलेलं. चाक लहान ठेवलं तर बोटांना ताकद लावावी लागते आणि फिरवताना अख्खा रेस्ट हलतो.

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा. ब्राइट बारची भोकं वरची आणि खालची पाटी एकत्र क्लॅम्प करून, एकाच सेटिंगमध्ये पाडून घ्या. वेगवेगळी पाडली तर अर्ध्या मिमीचा फरक पडतो, बार अडकतात आणि पाटी झटक्यानं वर-खाली होते. दुसरं, एम16 चा नट पाटीला वेल्ड केल्यावर त्यातून आटे पाडायचा टॅप पुन्हा फिरवून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनं नट किंचित वाकडा होतो, आटे कचकच करतात. शेवटी एका बुशला बाजूनं एम6 चा लॉक-स्क्रू द्या, पण त्याचं टोक आणि बार यांच्यामध्ये पितळेचा किंवा नायलॉनचा तुकडा हवा, नाहीतर बारवर ओरखडा पडतो आणि पुढे तो नेमका तिथेच अडतो.

वरच्या पाटीवर 60 मिमी उंच दोन बाजूपट्ट्या उभ्या करा, एक पक्की आणि एक स्क्रूनं सरकणारी. त्यांच्यामध्ये चामड्याची छोटी, ठासून भरलेली पिशवी बसवा. फोरएंड, म्हणजे स्टॉकचा पुढचा भाग, तिच्यात अलगद बसला पाहिजे. दोन्ही बाजूंनी चिमटा बसला तर रायफल मागे सरकताना कुठल्यातरी एका बाजूला ओढली जाते. बाजूपट्ट्यांच्या धारदार कडांवर ठिबक सिंचनाची 16 मिमी लॅटरल नळी उभी चिरून चढवावी. द्राक्षबागेत तिचे तुकडे हवे तेवढे मिळतात आणि स्टॉकला ओरखडा येत नाही.

गाडीचा सीझर जॅक वापरून बनवलेले रेस्टही दिसतात. चालतात, पण त्यात दोन अडचणी आहेत. त्याचे सांधे बाजूला हलतात, आणि एका फेऱ्याला किती उंची वाढणार हे जॅक किती उघडला आहे यावर बदलत जातं. हाताला अंदाज कधी बसत नाही.

बायपॉड: बाजारचा सुधारायचा की नवा बनवायचा

बाजारात मिळणारे स्वस्त बायपॉड 6 ते 9 इंची असतात आणि स्लिंगच्या स्टडला अडकतात. वाईट नसतात, फक्त ढिले असतात. सुधारणा अशा.

बायपॉड आणि स्टॉक यांच्यामध्ये 2 मिमी चामड्याची चकती ठेवा, मग आवळा. प्लास्टिकवर धातू घासत राहिला की सांधा पंधरा-वीस शॉटमध्ये सैल होतो. स्टडच्या आट्यांना निळं थ्रेडलॉक एक थेंब लावा. लाल लावू नये, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि स्टॉकजवळ उष्णता नको. पायाची आतली नळी खडखडत असेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, जो साधारण 0.1 मिमी असतो, अंगठ्याएवढा कापून नळीभोवती गुंडाळा. नळी हातानं ओढून सरकावी, स्वतःच्या वजनानं घसरू नये. कलण्याचा सांधा असेल तर त्याच्या गोल नॉबऐवजी 50-60 मिमी लांबीचा लिव्हर लावा. बोटांनी गोल नॉब पुरेसा आवळला जात नाही आणि शॉटगणिक रायफल थोडी थोडी कलते. हा कल लहान वाटतो, पण 50 मीटरवर साध्या पॉइंट टू-टूनं 5 अंशांचा कल म्हणजे गोळी जवळजवळ एक सेंटिमीटर बाजूला. स्कोपवर छोटी स्पिरिट लेव्हल बसवावी.

पायांचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं आहे. कठीण रबराचे पाय सिमेंटवर उडी मारतात. त्यावर खुर्चीच्या पायांना लावायचे मऊ रबरी बूट चढवा आणि खाली चटईचा किंवा जाड गालिच्याचा तुकडा पसरा. सिमेंट, चटई, माती या तीन पृष्ठभागांवर एकच रायफल तीन वेगळ्या ठिकाणी झीरो दाखवते, म्हणून झीरो ज्या चटईवर केलं तीच चटई दर वेळी बरोबर न्यावी.

नवा बनवायचा असेल तर रेंजसाठी न घडी होणारा सोपा नमुना पुरतो. डोक्यासाठी 60 गुणिले 40 गुणिले 20 मिमी अॅल्युमिनियमचा ठोकळा घ्या. त्याच्या खालच्या बाजूनं उभ्या रेषेपासून 34 अंशांत दोन्हीकडे एम8 चे आटे पाडा. पाय 12 मिमी अॅल्युमिनियम रॉडचे, वरच्या टोकाला एम8 चे आटे. उंची 22 सेंमी हवी असेल तर पायाची लांबी साधारण 27 सेंमी होते आणि दोन पायांमध्ये 30 सेंमी फाकवा मिळतो. फाकवा उंचीपेक्षा कमी ठेवला की बायपॉड बाजूला डोलतो. ठोकळ्याच्या वर एम8 चा पिव्हट, दोन्हीकडे नायलॉन वॉशर आणि लिव्हर नट. वरचा भाग रायफलच्या फोरएंडखालच्या रेलमध्ये जाणाऱ्या टी-नटवर. रेलचं माप रायफलीगणिक वेगळं असतं, त्यामुळे व्हर्नियरनं खाचेची रुंदी, खोली आणि ओठाची जाडी मोजून मगच टी-नट करायला द्या. अंदाजानं दिलेला नट एकतर आत जात नाही किंवा आवळताना रेलचा ओठ वाकवतो.

बायपॉड बॅरलवर किंवा पीसीपीच्या (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलच्या) सिलिंडरवर कधीही क्लॅम्प करू नका. बॅरलवर पडणारा दाब थेट नेमावर दिसतो, आणि सिलिंडर भरलेल्या-उतरलेल्या दाबाप्रमाणे किंचित फुगतो-आकसतो. सकाळी सिलिंडर भरलेला असताना लागलेला झीरो दुपारी सापडत नाही. सुरक्षिततेचा मुद्दा तर त्याहून मोठा आहे, 200 बार हवा धरणाऱ्या सिलिंडरवर ओरखडा किंवा खाच नको.

स्प्रिंगवाल्या एअर रायफलला बायपॉड शक्यतो लावूच नका. तिच्यात पेलेट बॅरलमधून बाहेर पडण्याआधीच जड पिस्टन पुढे धावतो, रायफल आधी मागे आणि मग पुढे झटका खाते. कठीण आधारावर ती उसळते आणि प्रत्येक वेळी वेगळी उसळते. तिच्यासाठी मऊ, थोडी कमी भरलेली पिशवी, ती तोलबिंदूच्या आसपास, आणि पिशवी व स्टॉक यांच्यामध्ये उघडा तळहात. रायफलला हवी तशी हलू द्यायची. पीसीपी आणि पॉइंट टू-टू इतक्या हळव्या नसतात, त्यांना पुढच्या टोकाजवळ, जड रेस्टवर ठेवलेलं चालतं.

रेंजवर मांडणी

मांडणी करताना बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची रंगीत खूण). उंची, पाय, पिशव्या यांत काहीही बदल करायचा असेल तर आधी रायफल रिकामी करायची, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही. मझलसमोर, म्हणजे बॅरलच्या तोंडासमोर, काय आहे ते रायफल रिकामी असतानाच बाजूनं पाहा. स्कोप बॅरलच्या चार-पाच सेंमी वर असतो. त्यातून टार्गेट स्वच्छ दिसत असलं तरी खाली मझल पिशवीच्या किंवा टेबलाच्या कडेसमोर असू शकतं.

आधी टेबल. हलक्या लोखंडी टेबलाच्या खालच्या आडव्या पट्टीवर 15-20 किलो वाळूचं पोतं ठेवा. कोपर टेबलावर टेकलं की साइट हलते का पाहा. हलत असेल तर पोतं वाढवा.

मग रेस्ट टार्गेटच्या रेषेत ठेवा आणि मागची पिशवी त्याच रेषेत. रायफल ठेवा, फोरएंडचं टोक रेस्टच्या पुढे किती आलं आहे तिथे कागदी टेपची खूण करा. हँडस्टॉप (फोरएंडखालचा हात अडवणारा तुकडा) आणि स्लिंगचा हुक काढून ठेवा, ते पिशवीला आपटले की रायफल दर शॉटला वेगळ्या जागी थांबते. आता खरी परीक्षा: रिकामी रायफल बोटांनी धरून दोन सेंमी मागे आणि पुन्हा पुढे सरकवा आणि साइटमधून पाहत राहा. क्रॉसहेअर टार्गेटवर सरळ उभ्या रेषेत खाली-वर व्हायला हवं. डावीकडे जात असेल तर मागची पिशवी किंचित तिरकी आहे, ती अर्ध्या सेंमीच्या टप्प्यानं फिरवून पाहा. सरकताना अडकत-सुटत असेल तर चामड्यावर चिमूटभर टाल्कम पावडर चोळा आणि जास्तीची झटकून टाका. हे एवढं जमवायला पहिल्यांदा अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास देणं आवश्यक आहे. याच्याशिवाय मारलेले ग्रुप वहीत लिहायच्या लायकीचे नसतात.

बारीक नेम मागची पिशवी हलकेच दाबून साधा. दाबली की बट वर, नेम खाली. पण मुठीनं जोर लावून साइट टार्गेटवर आणावी लागत असेल तर ट्रिगर सुटताना तो जोरही सुटतो. तसं झालं तर चाक फिरवून उंची बदला आणि पिशवीवर फक्त शेवटचा अर्धा मिमी सोडा.

पहिले दोन शॉट पिशव्या बसवण्यासाठी, ते मोजायचे नाहीत. मग पाच-पाचचे किमान पाच ग्रुप. एका सुंदर ग्रुपवर कुठलाही निष्कर्ष काढू नये. ग्रुप मोजताना भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर व्हर्नियरनं घ्या आणि त्यातून पेलेटचा व्यास 4.5 मिमी वजा करा.

आता बिघाड. ग्रुप उभा लांबत असेल तर मागची पिशवी मऊ आहे, गालाचा दाब बदलतो आहे किंवा पीसीपीचा दाब उतरला आहे. याच क्रमानं तपासा, कारण पहिल्या दोन गोष्टी फुकट दुरुस्त होतात. आडवा पसरत असेल तर फोरएंडला बाजूनं चिमटा, रायफलचा कल, किंवा ट्रिगरवर बोट तिरकं. 50 मीटरच्या उघड्या रेंजवर यात वाराही आला, म्हणून 25 मीटरवर काठीला हलकी फीत बांधून ठेवा. चार एकत्र आणि एक लांब, तोही दर वेळी पहिलाच, असं दिसलं तर पिशवी अजून बसलेली नाही. ग्रुप हळूहळू एका तिरक्या दिशेनं सरकत जात असेल तर बायपॉडचा एक पाय घसरतो आहे. दोन्ही पायांवर मार्करनं रेघ मारा, दहा शॉटनंतर कुठली रेघ आत गेली ते दिसेल.

लोखंडी भागांना रेड ऑक्साइडचा एक हात आणि वरून रंग द्या, आट्यांना आणि ब्राइट बारला फक्त तेलाचा पातळ हात. तेल चामड्याच्या पिशवीला लागू देऊ नका, डाग पडलेली जागा कायमची वेगळी सरकते. जून ते सप्टेंबर पिशव्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा. दर वर्षी पावसाळा संपला की मागच्या पिशवीचं वजन करा. पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या वजनापेक्षा ते वाढलेलं असेल तर ओल शिरली आहे, शिवण उसवून वाळू पुन्हा भाजायला घ्या. कमी झालं असेल तर कुठलीतरी शिवण गळते आहे, ती शोधून आतल्या बाजूनं तिहेरी शिवा.